प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट: मैत्रिणींबरोबर उन्हाळ्यात (अनुभव आणि चर्चा)

सांजपाखरू

नमस्कार मंडळी. गेल्या जूनमधे आम्ही कॉलेजच्या पाच मैत्रिणी प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही तीन शहरं रेल्वेने फिरून आलो. नवरे नाहीत, मुलं नाहीत, टूर कंपनी नाही, सगळं आम्हीच ठरवलेलं. तयारी करताना इथल्या जुन्या धाग्यांचा खूप उपयोग झाला म्हणून म्हटलं आपणही लिहावं. आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगायची आहे, युरोपला जाताना शहरं कमी घ्या, आणि ही तीन घेणार असाल तर एकत्र घ्या, एकापाठोपाठ एक.

का ते सांगते. ही तिन्ही शहरं १९१८ पर्यंत एकाच हाब्सबुर्ग घराण्याच्या राज्यात होती. आता तीन देश, तीन भाषा, तीन चलनं (कोरुना, युरो, फोरिंट), पण एक बघून दुसऱ्यात गेलं की आधी बघितलेलं उलगडत जातं. प्रागच्या किल्ल्यातल्या जुन्या राजवाड्यात एक खिडकी दाखवतात, १६१८ साली तिथून सम्राटाच्या दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला खाली फेकून दिलं, तिघंही वाचले पण त्यातून पुढे तीस वर्षांचं युद्ध पेटलं. तो सम्राट बसायचा व्हिएन्नात. आणि मग बुडापेस्टला गेलं की कळतं की हंगेरीने १८६७ साली त्याच घराण्याकडून बरोबरीचा दर्जा मिळवला आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत शहर असं काही उभारलं की व्हिएन्नाने बघत राहावं. पार्लमेंट, आन्द्राशी रस्ता, मेट्रो सगळं त्याच जोशातलं. मेट्रोची ती जुनी पिवळी लाइन १८९६ सालची आहे, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली, आणि आजही रोज धावते, स्टेशनं चिमुकली, पांढऱ्या टाइल्सची, लाकडी खिडक्यांची, आमच्यातली एक तर नुसती त्या मेट्रोने दोनदा मागेपुढे जाऊन आली.

प्राग. चार्ल्स ब्रिजवर दिवसा जाऊ नका असं सगळे सांगतात ते ऐका. जूनमधे पहाटे पाचला लख्ख उजेड असतो, तेव्हा जा. हा पूल चौथ्या चार्ल्सने १३५७ साली बांधायला घेतला, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे आहेत, बरेचसे आता प्रतिकृती आहेत, मूळचे संग्रहालयात नेऊन ठेवलेत. पहाटे तिथे आम्ही, दोन फोटोग्राफर आणि पळायला आलेली काही स्थानिक माणसं एवढेच. तासाभराने परत जाताना गर्दी सुरू झालीच होती. किल्ल्यावर जायला २२ नंबरची ट्राम वरपर्यंत सोडते, तिने वर जायचं आणि बघून झालं की पायऱ्यांनी खाली उतरायचं, उलट केलंत तर दम लागेल. वरच्या सेंट विटस कॅथेड्रलचं काम १३४४ साली सुरू झालं आणि पुरं झालं १९२९ ला. जवळजवळ सहाशे वर्षं! आत अल्फोन्स मुखाच्या डिझाइनची रंगीत काचेची खिडकी आहे, तिच्यासमोर आम्ही बराच वेळ बसून होतो.

चौकातलं ते खगोलशास्त्रीय घड्याळ १४१० सालचं आहे. दर तासाला वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती फिरतात, बाजूचा सांगाडा घंटा वाजवतो, मिनिटभरात संपतं आणि लोक पांगतात. पण खरं बघण्यासारखं आहे ते दोन तबकांपैकी वरचं तबक, त्यात राशीचक्र आहे, सूर्यचंद्राची जागा कळते. आमच्यातली एक पंचांग बघायला शिकलेली आहे, तिने तिथे उभं राहून सूर्य कुठल्या राशीत, चंद्र कुठल्या कलेचा हे आम्हाला समजावून दिलं, तासाची गर्दी गेल्यावर निवांत. (त्यांची रास आणि आपली रास ह्यात फरक पडतो, सायन निरयन, त्यावर तिने वेगळा वर्ग घेतला.)

व्हिएन्नात ऑपेरा ऐकला. उभ्याची तिकिटं बसण्याच्या मानाने अगदी स्वस्त असतात. आत गेल्यावर आपल्या जागेच्या कठड्याला स्कार्फ बांधून जागा धरायची रीत आहे, आम्ही ओढण्या बांधल्या. समोर छोटा पडदा असतो त्यावर इंग्रजीत शब्द वाचता येतात. मला ऑपेरातलं काही कळत नाही, गाणं मात्र मी अनेक वर्षं शिकतेय, आणि माइक नसताना एवढ्या मोठ्या सभागृहात शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा तो आवाज ऐकून अंगावर काटा आला. ही इमारत १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली होती, दहा वर्षांनी १९५५ ला परत उघडली. बाहेर आलो तेव्हा पाय दुखत होते पण कोणालाच हॉटेलवर जायचं नव्हतं.

शोनब्रुन राजवाडाही बघितला, १४४१ खोल्या, त्यातल्या चाळीसेक दाखवतात, सहा वर्षांच्या मोत्सार्टने १७६२ साली सम्राज्ञी मारिया तेरेसासमोर जिथे वाजवलं तो आरशांचा दिवाणखानाही त्यातच. पण गर्दी खूप होती. मागची बाग आणि टेकडीवरची कमान जास्त आवडली, बागेला तिकीट नाही.

बुडापेस्टबद्दल सविस्तर नंतर लिहिते, हे आधीच खूप लांबलंय. प्रश्न असतील तर विचारा.

मुसाफिर_कोकणी

मस्त लिहिलंयत ताई, पुढच्या भागाची वाट बघतोय. आम्ही चार मित्र पुढच्या वर्षी हाच रूट करायचा म्हणतोय. व्हिसा कुठल्या देशाचा काढलात? आणि ट्रेनचं रिझर्वेशन आधी केलं होतं का? प्राग ते व्हिएन्ना किती वेळ लागतो?

सांजपाखरू

@मुसाफिर_कोकणी, ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा असा शेंगेनचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) नियम आहे, आमचा मुक्काम व्हिएन्नात जास्त म्हणून ऑस्ट्रियाचा काढला. सगळीकडे सारख्याच रात्री असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तो देश. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तुम्ही उन्हाळ्यात जाणार असाल तर अपॉइंटमेंट लवकर घ्या, एप्रिल-मेमधे मिळता मिळत नाही.

प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, ब्रनोवरून जाते गाडी. व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीनच्या आत-बाहेर. तिकिटं जितकी आधी तितकी स्वस्त. सीटचं रिझर्वेशन वेगळं असतं, सक्ती नाही पण तुम्ही चौघं असाल तर टेबलाभोवतीच्या चार सीट्स नक्की घ्या. आमच्या प्रवासातला सगळ्यात आनंदाचा वेळ खरं सांगायचं तर ह्या दोन रेल्वेप्रवासांतला होता, बाहेर शेतं, टेकड्या, डबा उघडलेला, आणि पाचजणी एका ठिकाणी बसून बोलतोय, रोजच्या संसारात हे कुठे मिळतं.

दूरदेशी

व्हिएन्नात बरीच वर्षं राहतोय म्हणून थोडी भर घालतो. पहिली गोष्ट, ऑपेराचा सीझन जूनअखेर संपतो. जुलै-ऑगस्टमधे सरकारी ऑपेरा बंद असतो, ह्या दोन महिन्यांत येणारे अनेक भारतीय पाहुणे निराश होतात. रस्त्यात जुन्या पद्धतीचे कोट आणि विग घालून तिकिटं विकणारे भेटतात त्यांचे कार्यक्रम वेगळे, पर्यटकांसाठीचे, तो ऑपेरा हाउसचा प्रयोग नाही हे लक्षात घेऊन काय ते ठरवा. जुलै-ऑगस्टला आलात तर टाउनहॉलसमोरच्या चौकात संध्याकाळी मोठ्या पडद्यावर ऑपेरा, बॅले, कॉन्सर्टचं चित्रण फुकट दाखवतात, भोवती खाण्याचे स्टॉल, अंधार पडायला नऊ-साडेनऊ होतात तोवर गप्पा मारत बसायचं. मित्रमंडळींसाठी ह्यासारखी संध्याकाळ नाही.

दुसरं पाणी. इथे नळाचं पाणी थेट आल्प्सच्या झऱ्यांचं आहे. पहिली जलवाहिनी १८७३ साली सुरू झाली, दुसरी १९१० ला, दोन्ही अजून चालू आहेत आणि पाणी उताराने आपोआप शहरात येतं. रस्त्यात जागोजागी प्यायच्या पाण्याचे नळ आहेत. कृपा करून बाटल्या विकत घेऊ नका, रिकामी बाटली बरोबर ठेवा.

तिसरं, रविवारी दुकानं बंद असतात, किराणासुद्धा. मोठ्या रेल्वे स्टेशनातली काही उघडी असतात. शनिवारी संध्याकाळी दूध, ब्रेड, फळं आणून ठेवा.

आणि उन्हाळ्याचं म्हणाल तर हल्ली ३५ च्या वर पारा जातो आणि जुन्या इमारतींत एसी नसतो. आपल्याकडचे लोक म्हणतात आम्हाला काय त्याचं, पण इथल्या इमारती थंडी अडवायला बांधल्यात, रात्री खोली तापलेली राहते. बुकिंग करताना एसी आहे का ते विचारून घ्या. दुपारी दोन ते पाच म्युझियममधे किंवा डॅन्यूब बेटावर काढा, २१ किलोमीटर लांब बेट आहे, पोहायला, सायकलला, सगळं मोकळं, तिकीट नाही.

बाजरीची_भाकरी

वाचतेय. मला एकच मोठी काळजी, आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडंही नाही. तीन मैत्रिणी जायचं म्हणतोय पण एकीच्या मुलीने सांगितलं तिकडे उपाशी राहाल. खरंच एवढं अवघड आहे का?

सांजपाखरू

@बाजरीची_भाकरी, उपाशी नाही राहणार. आमच्यातल्या दोघी शाकाहारी होत्या. प्रागमधे वजनावर घ्यायचं शाकाहारी भारतीय जेवण मिळतं, ढाबा बेआस म्हणून आहे, डाळ-भात-भाजी-सॅलड ताटात घ्यायचं आणि वजन करून पैसे द्यायचे, तिथे स्थानिक लोकच जास्त दिसले. चेक जेवणात तळलेलं चीज सगळीकडे असतं पण त्याच्या आवरणात अंडं असतं. सूपचं विचारूनच घ्या, भाजीचं म्हणतात आणि पाणी मटणाचं असतं असं होतं. व्हिएन्नात सोपं आहे, नाशमार्क्टच्या बाजारात फलाफल, हुमस, ऑलिव्ह, फळं. बुडापेस्टला लांगोश खा, आंबवलेल्या कणकेची तळलेली जाड पोळी, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. एक दोघींत पुरते.

राहायला स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. आम्ही सकाळी उपमा किंवा पोहे करून निघायचो, रात्री मुगाची खिचडी. घरून मेतकूट, चटण्या, भाजणी नेली होती. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र नेऊ नका, युरोपियन युनियनमधे बाहेरून आणायला बंदी आहे, पेढे-बर्फी पण नकोच.

शिदोरीवाला

सगळं वाचलं. चांगलं आहे पण मला थोडं वेगळं मांडायचंय. माणूस आयुष्यात एकदाच एवढा खर्च करून जातो. तीनच शहरं बघून यायची आणि पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम राहिलं म्हणून नंतर चुटपुट लावून घ्यायची? आम्ही आईवडिलांना घेऊन ग्रुप टूरने गेलो, रोज बस, रोज मराठी जेवण, सात देश झाले, वडिलांना आयफेल टॉवर आणि बर्फ दोन्ही बघायचं होतं ते झालं. वयस्कर माणसांना नकाशे बघत ट्राम शोधणं जमत नाही. ग्रुप टूरला नावं ठेवायची फॅशन झालीये ती पटत नाही.

सांजपाखरू

@शिदोरीवाला, नावं मी ठेवलेली नाहीत आणि ठेवणारही नाही. तुमच्या वडिलांनी बर्फ बघितला तो आनंद खराच आहे, आणि सत्तरी पार केलेल्यांसाठी सामान उचलणारा, जेवणाची सोय बघणारा माणूस बरोबर असणं केवढी मोठी गोष्ट आहे. मी म्हणतेय ते आमच्यासारख्या मित्रमैत्रिणींच्या गटाबद्दल, ज्यांचे हातपाय चालतायत. चुटपुट म्हणाल तर ती लागत नाही हो. रोम राहिलं, राहू दे. पण व्हिएन्नाच्या आर्ट म्युझियममधे ब्रॉयगेल ह्या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराची खोली आहे तिथे आम्ही सकाळी उघडल्या उघडल्या गेलो आणि दोन तास त्या एका खोलीत होतो. "बर्फातले शिकारी" हे १५६५ सालचं चित्र, डोंगरावरून खाली बघणारे शिकारी, दमलेली कुत्री, खाली गोठलेल्या तळ्यावर खेळणारी इवली इवली माणसं. जितकं बघावं तितकं नवीन दिसतं. चाळीस मिनिटांत बसला परत या म्हटलं असतं तर हे झालं नसतं.

शिदोरीवाला

हे पटलं. आईवडिलांना नेताना टूर आणि मित्रांबरोबर जाताना तुमच्यासारखं. मित्रांबरोबर अजून गेलो नाही कधी, बघू.

रंगरेषा

ब्रॉयगेलचं वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. त्या म्युझियममधे ब्रॉयगेलचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह आहे, बाबेलच्या मनोऱ्याचं १५६३ चं चित्रही तिथेच. क्लिम्टचं "द किस" बघायला सगळे बेल्वेडेरला जातात आणि जावंच, पण ब्रॉयगेलला वेळ दिलात हे वाचून फार बरं वाटलं.

बुडापेस्टला गेलात तर एक सांगते, अमृता शेरगिल तिथेच जन्मली, ३० जानेवारी १९१३. आई हंगेरियन, वडील पंजाबचे उमरावसिंग शेरगिल. मामा एर्विन बाक्ताय भारतविद्येचे अभ्यासक. ती आठ वर्षांची असताना कुटुंब भारतात आलं, पुढे पॅरिसला शिकली, आणि १९३६-३७ च्या सुमारास तिने आपलं अजिंठा-वेरूळ बघितलं, दक्षिणेकडे गेली आणि तिची चित्रं बदलली. "नववधूचा शृंगार", "ब्रह्मचारी" ही चित्रं त्यानंतरची. अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी लाहोरला वारली. तिची बहुतेक चित्रं दिल्लीच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत, त्यामुळे बुडापेस्टला जायच्या आधी किंवा आल्यावर दिल्लीला बघून घ्या. डॅन्यूबच्या काठी लहानपण गेलेली मुलगी अजिंठ्याच्या भिंतींसमोर उभी राहिली तेव्हा तिला काय वाटलं असेल ह्याचा मी फार वर्षं विचार करतेय.

सांजपाखरू

@रंगरेषा, अजिंठ्याचं माहीत नव्हतं. ग्रुपवर टाकलं लगेच, सगळ्यांनी वाचलं.

आता बुडापेस्ट. दोन नंबरची ट्राम पेस्टच्या, म्हणजे शहराच्या पूर्वेकडच्या, बाजूने नदीकाठाने जाते, पार्लमेंटच्या कडेने. दिवसा एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा असं दोनदा बसा. पार्लमेंट १८८५ ते १९०४ मधे बांधलं, ६९१ खोल्या, घुमट ९६ मीटर उंच. ९६ च का, तर हंगेरियन टोळ्या ८९६ च्या सुमारास ह्या प्रदेशात आल्या असं मानतात म्हणून, सेंट स्टीफन्स बॅसिलिकाही तेवढीच उंच. आतून बघायचं तिकीट बरंच आधी ऑनलाइन काढा. आत जुना राजमुकुट आहे, वरचा क्रूस वाकडा झालेला तसाच ठेवलाय.

चेन ब्रिज १८४९ चा. जर्मन सैन्याने माघार घेताना १९४५ च्या जानेवारीत शहराचे उरलेसुरले सगळे पूल उडवले, हा शंभर वर्षं पुरी झाली त्या दिवशी, म्हणजे १९४९ ला परत उघडला. हे कळल्यावर आम्ही तो पूल चालत ओलांडला, बसने नाही.

आणि गरम पाण्याची कुंडं! सेचेनीचं स्नानगृह १९१३ सालचं, पिवळ्या राजवाड्यासारखी इमारत आणि मधे उघड्यावर वाफाळती तळी, आजोबा लोक पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतात. आमच्यातल्या दोघी स्विमसूट घालायला कचरत होत्या, घरी कधी घातला नव्हता, पन्नाशीला कसं दिसेल वगैरे. आत गेल्यावर बघितलं तर सगळ्या वयाची, सगळ्या आकाराची माणसं, ऐंशीच्या आज्या, ऑपरेशनचे व्रण असलेल्या बायका, कोणी कोणाकडे बघत नाही. वज्रेश्वरीला लहानपणी आजीबरोबर गेलेली एक म्हणाली हे तर तसंच आहे, दुखरे गुडघे घेऊन यायचं आणि पाण्यात बसायचं. त्या दोघी सगळ्यात शेवटी बाहेर आल्या. चपला आणि टॉवेल बरोबर न्या, तिथे विकत महाग पडतात.

मुसाफिर_कोकणी

एक विचारू का, राग मानू नका. ट्रिपची तयारी करताना सगळीकडे प्रागची ज्यू स्मशानभूमी, बुडापेस्टचे ते लोखंडी बूट हे दिसतं. आम्ही सुट्टीला चाललोय, मजा करायला. मित्रांमधे ह्यावरून वाद झाला, एक म्हणतो बघायलाच हवं, बाकीचे म्हणतात तिथे जाऊन मन जड कशाला करायचं. तुमच्याकडे काय ठरलं?

सांजपाखरू

@मुसाफिर_कोकणी, राग कसला, आमच्यातही बोलणं झालं होतं. ठरलं असं की जिला यायचं ती येईल, बाकीच्या दुसरीकडे. शेवटी सगळ्या गेल्या.

प्रागला पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, नाझींच्या काळात मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत, जवळजवळ ७८,०००. गाववार, कुटुंबवार, आडनाव लाल रंगात, जन्मतारीख, आणि शेवटची माहीत असलेली तारीख. भिंती संपत नाहीत. ही नावं १९५० च्या दशकात लिहिली होती, मग कम्युनिस्ट राजवटीत इमारत बंद पडली, ओलीने नावं गेली, आणि १९९० नंतर परत सगळी एकेक करून लिहून काढली. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीत मुलांनी काढलेली चित्रं आहेत. फुलपाखरं, घरं, पलंग, रेल्वे. आमच्यातली एक बालवाडीत शिकवते, तिने रोज बघितलेली असतात तशीच चित्रं.

व्हिएन्नाच्या युडनप्लाट्झ चौकात २००० साली उभारलेलं स्मारक आहे, काँक्रीटची लायब्ररी, पुस्तकांचे कणे आतल्या बाजूला, त्यामुळे कुठलं पुस्तक ते कळत नाही, आणि दाराला मूठ नाही. मारल्या गेलेल्या ६५,००० ऑस्ट्रियन ज्यूंसाठी. आणि बुडापेस्टला पार्लमेंटच्या जवळ नदीच्या कडेला साठ जोड लोखंडी बूट, बायकांचे, पुरुषांचे, लहान मुलांचे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात लोकांना तिथे आणून बूट काढायला लावून, कारण बुटांना किंमत होती, नदीत गोळ्या घालून पाडलं.

तीन शहरांत तीन तऱ्हेने सांगितलेली ही एकच गोष्ट आहे, म्हणूनही मी म्हणते ही शहरं एकत्र बघा. मजा कमी नाही झाली. त्या संध्याकाळी आम्ही फार कमी बोललो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लांगोश खायला गेलो. दोन्ही त्याच शहरात आहे. तुमच्या मित्रांना म्हणावं, एक तास द्या, नाही आवडलं तर बाहेर थांबा. जबरदस्ती मात्र नको.

तास_दुसरा

मी जीवशास्त्र शिकवते. सांजपाखरू म्हणाल्या गाडी ब्रनोवरून जाते, तर कृपया तिथे उतरा! ब्रनोच्या सेंट थॉमस मठात ग्रेगोर मेंडेलने वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग केले, १८५६ ते १८६३. हजारो झाडं. निष्कर्ष १८६५ साली तिथल्याच निसर्गविज्ञान मंडळात वाचून दाखवले, पुढच्या वर्षी छापले आणि जगाने पस्तीस वर्षं तिकडे लक्षच दिलं नाही. दहावीला आपण सगळे उंच झाड बुटकं झाड करून पाठ केलेलं असतं ते ह्या अंगणातलं. मठात संग्रहालय आहे, बागेत त्याच्या काचघराचा पाया अजून दिसतो. मी गेले तेव्हा तिथे मोजून चारपाच माणसं होती. सामान स्टेशनवर लॉकरमधे ठेवून सकाळच्या गाडीने उतरायचं, संध्याकाळच्या गाडीने व्हिएन्ना. फक्त तिकीट घेताना मधे थांबायला चालतं का ते बघा, स्वस्तातलं तिकीट बहुतेक त्याच गाडीपुरतं असतं, दोन वेगळी तिकिटं काढलेली बरी.

दूरदेशी

@तास_दुसरा +१. ब्रनोत वास्तुकलेची आवड असलेल्यांनी मीस व्हॅन डर रोहेचं १९३० सालचं टुगेंडहाट घरही बघावं, पण त्याचं बुकिंग काही महिने आधी करावं लागतं. प्रागच्या गर्दीला कंटाळलात तर कुटना होरा आहे, प्रागहून रेल्वेने तासाभरावर, मध्ययुगात चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेलं गाव. तिथल्या हाडांच्या चॅपेलमधे फोटो काढायला आता मनाई आहे, तो नियम पाळा.

इतिहासप्रेमींसाठी अजून एक. व्हिएन्नाच्या स्टेफान्सडोम कॅथेड्रलची पुमरिन नावाची घंटा आहे, १६८३ च्या वेढ्यात तुर्कांनी मागे टाकलेल्या तोफा वितळवून मूळची ओतली होती. १६८३ म्हणजे आपल्याकडे संभाजीराजांचा काळ. ती घंटा १९४५ च्या आगीत कोसळून फुटली, तिचाच धातू वापरून १९५१ ला नवीन केली, वीस टन वजनाची. वर्षातून मोजक्याच दिवशी वाजते. दक्षिणेच्या मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, उत्तरेच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि घंटा तिथेच आहे.

कोथिंबीरवडी

सगळं छान चाललंय पण मला मूळ प्रश्न विचारायचाय. पाचजणी आणि एकही भांडण नाही? आमची गोव्याची ट्रिप एका जेवणाच्या बिलावरून बिघडली होती. पैसे, उठायच्या वेळा, शॉपिंग, हे कसं जमवलंत?

सांजपाखरू

@कोथिंबीरवडी, रुसवेफुगवे झाले ना, पाच वेगळ्या स्वभावाच्या बायका आहोत. पण निघायच्या आधी दोन गोष्टी बोलून ठेवल्या होत्या त्या कामाला आल्या.

पैशाचं: सगळ्यांनी सारखी रक्कम एका पाकिटात, ट्राम, किराणा, एकत्र जेवण त्यातून. पाकीट रोज दुसरीकडे. खरेदी ज्याची त्याची. कार्ड सगळीकडे चालतं पण मशीनने रुपयात पैसे कापू का विचारलं तर नाही म्हणा, तिथल्या चलनातच घ्या. प्रागमधे रस्त्यावरच्या एक्स्चेंजवाल्याकडून नोटा घेतल्यात आणि दर वाईट निघाला तर पावती घेऊन तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, तसा कायदाच आहे तिकडे, १००० युरोपर्यंतच्या रकमेला.

वेळेचं: सकाळ सगळ्यांची एकत्र, एकच मोठी जागा. दुपारनंतर ज्याला जे हवं ते. एकीला दुकानं, एकीला चित्रं, एकीला नुसतं कॉफी हाउसमधे बसायचं. व्हिएन्नाच्या कॉफी हाउसमधे एका कॉफीवर तासन् तास बसलं तरी कोणी उठवत नाही, कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास येतोच, वर्तमानपत्रं असतात. एकीचा गुडघा दुखतो, ती दुपारी खोलीवर आराम करायची आणि त्यात तिला कमीपणा वाटू नये म्हणून रोज कोणीतरी एक तिच्याबरोबर थांबायची, न सांगता पाळी लागली होती. बुडाच्या टेकडीवर तिच्यासाठी १६ नंबरच्या बसने गेलो. संध्याकाळी सातला परत सगळ्या एकत्र. दिवसभर काय काय बघितलं ते सांगायला प्रत्येकीकडे वेगळं असायचं, त्यामुळे जेवणं लांबायची. चोवीस तास एकमेकींना चिकटून राहिलो असतो तर चौथ्या दिवशी अबोला झाला असता असं मला खात्रीने वाटतं.

बाजरीची_भाकरी

हे दुपारनंतर वेगळं व्हायचं फारच आवडलं. आमच्यात पण एक अशीच आहे जिला दर दोन तासांनी चहा आणि एकांत लागतो. आम्ही ठरवतोय. जून बरा की सप्टेंबर?

दूरदेशी

@बाजरीची_भाकरी, ऑपेरा ऐकायचा असेल तर जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर. सप्टेंबरला ऊन सौम्य, गर्दी थोडी कमी, द्राक्षांचा हंगाम सुरू होतो. फक्त दिवस लहान होतो, जूनमधे नऊपर्यंत उजेड असतो तो सप्टेंबरअखेर सातपर्यंत येतो. मोठा दिवस हवा असेल तर जून. जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य शक्यतो टाळा, उष्मा आणि गर्दी दोन्ही.

सांजपाखरू

दूरदेशींशी सहमत. आणि @बाजरीची_भाकरी, ट्राम-मेट्रोचं तिकीट काढल्यावर ते स्टॅम्प करायला विसरू नका, प्राग आणि बुडापेस्ट दोन्हीकडे. मशीनमधे घालून तारीख-वेळ उमटवली नाही तर तिकीट असूनही दंड होतो, आणि तपासनीस मेट्रोच्या सरकत्या जिन्याखालीच उभे असतात. चोवीस किंवा बहात्तर तासांचा पास काढलात तर दर वेळची कटकट नाही, प्रागमधे मात्र तोही पहिल्यांदा वापरताना एकदा स्टॅम्प करावा लागतो. व्हिसाच्या कागदांची यादी हवी असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा, आम्ही केलेली पाठवते.